सोडतीतला घडीचा फोन मागे घ्या

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,
आमच्या गावाचं ग्रामस्थ मंडळ, मुंबई

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या गणपतीतल्या सोडतीचा फलक आपल्या फाट्यावर लागला आहे. पहिलं बक्षीस घडीचा, म्हणजे पडदा मधोमध दुमडणारा मोबाइल फोन, बाजारभाव दीड लाखाच्या पुढे. तिकीट शंभर रुपये. प्रत्येक घराने वीस तिकिटांचं एक पुस्तक घ्यायचं, असा निरोप वाडीप्रमुखांकडे आला आहे. निर्णय मुंबईतल्या बैठकीत झाला. गावात बारा महिने राहणाऱ्यांपैकी कोणालाही त्याआधी विचारलं गेलं नाही. फलकावर बाप्पा एका कोपऱ्यात आहेत आणि मधोमध अर्धा उघडलेला फोन आहे.

हा निर्णय मला मान्य नाही. गावात आणखीही बऱ्याच जणांना तो मान्य नाही, पण मंडळाच्या विरोधात बोलायचं कसं, म्हणून ते गप्प आहेत. मंडळाने शाळेला छपराचे पत्रे दिले, देवळाचा सभामंडप बांधला, वादळानंतर कौलं आणि धान्य घेऊन माणसं पाठवली. हे कोणी विसरलेलं नाही, मीही नाही. त्याची जाणीव ठेवूनच लिहितो आहे. उघडपणे लिहितो आहे, कारण हा विषय आता आपल्या एकट्या गावाचा राहिलेला नाही. गणपतीत, शिमग्यात, टेनिस बॉलच्या स्पर्धांत, जिथे बघावं तिथे महागडा फोन पहिल्या बक्षिसाच्या जागी दिसायला लागला आहे. किनाऱ्यावरच्या बाकीच्या मंडळांनीही हे वाचावं अशी माझी इच्छा आहे.

माझं पोट फोनवर चालतं. दापोली तालुक्यातल्या एका बाजारपेठेत माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. नवा फोन बाजारात आला की तो आतून कसा बांधला आहे हे बघण्याची मला आजही ओढ असते. तेव्हा फोनच नको, असं मी म्हणणं शक्य नाही. फोनने आपल्या पट्ट्यात काय केलं ते मी डोळ्यांनी बघितलं आहे. हरणैला वाळूवर मासळीचा लिलाव होतो, तिथे टोपल्यांच्या शेजारी आता क्यूआर कोडचा कागद असतो. २०२०च्या टाळेबंदीत आंबा झाडावर तयार आणि बाजाराचा रस्ता बंद, तेव्हा कितीतरी बागायतदारांनी व्हॉट्सॲपवर मागण्या घेऊन पेट्या थेट घरोघर पोचवल्या, आणि ती गिऱ्हाइकं आजही तुटलेली नाहीत. २०२१पासून ई-पीक पाहणी आली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि सातबारावर नोंद करायची. तुमची गणपतीची रेल्वे तिकिटं साठ दिवस आधी सकाळी आठच्या ठोक्याला कोणाच्या बोटावर ठरतात, तेही तुम्हाला ठाऊक आहे.

एका यंत्रात चार कामं असावीत, ही माणसाची हौसही जुनी आहे. आखातात गेलेला माणूस सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन यायचा. रेडिओ तोच, टेपही तोच. तो पडवीत लागला की अख्खी वाडी अंगणात येऊन बसायची. पुढे २००३च्या सुमारास नोकिया ११०० आला. त्याच्या डोक्यावर विजेरी होती, आणि आपल्याकडे पहिल्या पावसात रात्री चढणीचे मासे पकडायला जाणाऱ्यांनी तो फोन जितका विजेरीसाठी वापरला तितका बोलायला वापरला नसेल. ९ जानेवारी २००७ला स्टीव्ह जॉब्जने पहिला आयफोन दाखवला, तोही असाच सांगून की गाणी वाजवणारं, फोन लावणारं आणि इंटरनेट चालवणारं अशी तीन यंत्रं यात एक झाली आहेत. आज त्या फोनात कॅमेरा आहे, बँक आहे, होकायंत्र आहे, भरती-ओहोटीचं कोष्टक आहे. इतकी कामं करणाऱ्या वस्तूची ओढ कोणाला वाटणार नाही?

पण तुम्ही फलकावर टांगलेला फोन या कामांसाठी टांगलेला नाही. तो मानासाठी टांगलेला आहे. माझं सगळं म्हणणं या एका जागी येऊन थांबतं.

गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात माझ्या दुकानात गर्दी होते. ती बिघडलेल्या फोनांची नसते. कोणाला टेम्पर्ड ग्लास हवी असते, कोणाला मागचं पॅनेल बदलून हवं असतं, कोणाला पारदर्शक कव्हर. पारदर्शकच का, तर मागचं कंपनीचं चिन्ह दिसलं पाहिजे. गेल्या वर्षी अकरावीतला एक मुलगा आला होता. त्याच्याकडे साधा फोन, पण चांगला चालणारा. त्याला कॅमेऱ्यावर चिकटवायची काच हवी होती. या काचेवर तीन मोठी भिंगं असल्यासारखी काळी वर्तुळं असतात. खाली खरं भिंग एखाद-दुसरंच, बाकी नुसता देखावा. लांबून बघणाऱ्याला फोन लाखाचा वाटतो. मी त्याला म्हटलं, "अरे, खऱ्या भिंगावर ही काच आली की फोटो धुरकट येतील." तो म्हणाला, "काका, फोटो काढायचेच नाहीत. आरतीला मुंबईची पोरं येणार आहेत."

मी त्याला काच लावून दिली. त्या मुलाला मी उथळ म्हणणार नाही, आणि तुम्हीही म्हणू नये अशी माझी विनंती आहे. त्याच्याच वयाचा त्याचा चुलतभाऊ विरारला राहतो. दोघांचे आजोबा एक, घर एक, गणपतीही एकच. चुलतभावाकडे फ्लॅट आहे, मोठं कॉलेज आहे, क्लास आहे, सराईत इंग्रजी आहे. यातलं काहीही या मुलाला हप्त्याने मिळत नाही. फोन तेवढा मिळतो. जगातल्या कुठल्याही श्रीमंत माणसाच्या हातात आहे तोच फोन महिन्याला काही हजार भरून त्याच्याही हातात येऊ शकतो, आणि आरतीच्या वेळी हात वर करून चित्रीकरण करताना दोघं निदान तेवढा वेळ सारखे दिसतात. बरोबरीला आल्याचं ते समाधान खरं आहे. फोनची खरी ओढ आहे ती इथे. कंपन्यांच्या जाहिराती तिला हवा देतात एवढंच.

आता त्या मुलाच्या जागी उभं राहून तुमचा फलक वाचा. मंडळ म्हणजे गावाच्या दृष्टीने मोठी माणसं. देवळाच्या कामात तुमचा शब्द चालतो, पालखीच्या वेळी तुमची वाट पाहिली जाते. तुम्ही दहावीला पहिल्या येणाऱ्या मुलीला वही-पेनाचा संच देता आणि सोडतीत नशिबाने नंबर लागेल त्याला दीड लाखाचा फोन देता. वर्षभर पाखाडी साफ करणारी, विसर्जनाची वाट बांधणारी, तुमच्या बॅगा स्टँडवरून घरापर्यंत आणणारी पोरं यातून काय शिकतील? आतापर्यंत ती आपसांत, चोरून, एकमेकांचे फोन मोजत होती. आता मंडळाने स्वतः सांगितलं की गावात सगळ्यात मोठं देण्यासारखं काही असेल तर ते हेच. माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही आहे.

टू-इन-वन एकदा आला की वर्षानुवर्षं घराचा मान राखायचा. फोनचं तसं नाही. ॲपलचा नवा आयफोन बहुतेक दर वर्षी सप्टेंबरात येतो, म्हणजे गणपतीच्याच आगेमागे. नवा आला की गेल्या वर्षीचा दाखवायच्या कामाचा राहत नाही, जरी तो पुढची पाच वर्षं उत्तम चालणार असला तरी. बंद न पडलेले, एकही ओरखडा नसलेले फोन "काका, हा काढून टाकायचाय, किती मिळतील?" म्हणून माझ्या काउंटरवर येतात. जुन्या फोनचे मिळणारे पैसे आणि नव्याची किंमत यातलं अंतर कोण भरून काढतं? बहुतेक वेळा आई. तिच्या गळ्यातलं नाहीतर बचत गटातलं.

दुसरी गोष्ट धंद्याच्या ज्ञानाची. तुम्ही निवडलेली वस्तू आपल्या हवेची नाही.

घडीच्या फोनचा आतला पडदा नेहमीच्या काचेसारखा कडक नसतो, वाकण्यासाठी तो अतिशय पातळ ठेवावा लागतो. मध्ये बिजागरी असते. बिजागरी म्हटलं की फट आली. २०१९मध्ये सॅमसंगने पहिला गॅलेक्सी फोल्ड एप्रिलमध्ये आणायचं ठरवलं होतं. तपासणीसाठी दिलेल्या फोनांचे पडदे बिघडले, काहींत फटीतून कचरा गेला, आणि विक्री सप्टेंबरापर्यंत पुढे ढकलावी लागली. भारतात तो फोन १,६४,९९९ रुपयांना आला. तेव्हापासून हे फोन पुष्कळ सुधारले, हे मी नाकारत नाही. पण अलीकडच्या काही नावाजलेल्या घडीच्या फोनांवरही आयपी ४८ असं धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचं मानांकन असतं. यातला चार हा आकडा धुळीचा. त्याचा अर्थ, एक मिलिमीटर किंवा त्याहून मोठा कण आत जाणार नाही. आपल्या किनाऱ्यावरची वाळू चिमटीत घेऊन बघा. त्यातला बहुतेक कण त्याहून बारीक असतो. विसर्जनाला आपण सगळे ज्या वाळूवर उभे असतो, तीच वाळू.

पाण्याचंही तसंच. "फोन पाण्यात पडला तरी चालतो" असं जाहिरातीत दिसतं. ही चाचणी स्वच्छ, संथ, गोड्या पाण्यात घेतलेली असते. समुद्रावर वापरू नका, असं कंपन्या स्वतःच्याच सूचनांत बारीक अक्षरांत लिहितात, आणि पाण्याने झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत धरत नाहीत. खाऱ्या पाण्यात भिजलेला फोन मी उघडतो तेव्हा चार्जिंगच्या जागेतल्या पिनांवर हिरवट-पांढरा थर बसलेला असतो. तो रसायन लावून, ब्रशने घासून, भिंगाखाली साफ करता येतो. फोन सुरूही होतो, माणूस खूश होऊन जातो. पण मदरबोर्डवर जी पत्र्याची झाकणं बसवलेली असतात, त्यांच्या खाली मीठ शिरलेलं असतं. ते पुढे दोन-तीन महिने आतून खात राहतं. आणि भिजायलाच हवा असंही नाही. खाडीकाठच्या घरात पावसाळाभर खिडकीत ठेवलेल्या फोनचं चार्जिंगचं तोंडही असंच खराब होतं. घडीच्या फोनचा आतला पडदा गेला तर तो माझ्यासारख्याच्या दुकानात बदलता येत नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठायला जिल्ह्याच्या ठिकाणी नाहीतर मुंबईला जावं लागतं, आणि पडद्याचा खर्च ऐकून माणूस फोन तसाच परत घेऊन येतो. ज्याच्या घरी हे बक्षीस जाईल त्याच्या घरी तुम्ही शोभा देत नाही, खर्च देता आहात.

तिसरी तक्रार हप्त्यांची. तुम्ही म्हणाल, आम्ही एकच फोन देतो, हप्त्याशी आमचा काय संबंध? संबंध आहे. सोडत एकाला लागते. बाकीच्यांच्या मनात तो फोन पेरला जातो. गणपती संपल्यावर "तसाच, पण थोडा कमी किमतीचा" असं म्हणत मुलं तालुक्याच्या दुकानांत जातात, आणि तिथे शून्य टक्के व्याजाची पाटी लावून कोणीतरी बसलेला असतोच. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं प्रत्यक्षात काही नसतं, ते व्याज कुठल्या ना कुठल्या रूपात गिऱ्हाइकाकडूनच जातं. कधी प्रोसेसिंग फी म्हणून, कधी रोखीवर मिळणारी सूट बुडवून. हप्ता चुकला की दंड वेगळा.

आपल्या कोळीवाडीतल्या एका मुलाचं सांगतो. नाव सांगणार नाही. मासेमारी १ जूनला बंद होते, पावसाळ्यातच नव्या हंगामासाठी खलाशांची जमवाजमव सुरू होते आणि मालक उचल देतो. त्या उचलीवर घरातला पावसाळ्याचा उधार फेडायचा असतो. या मुलाने उचलीतून फोनचं डाउन पेमेंट केलं आणि बाकीचे हप्ते लावले. कारण त्याचा चुलता मुंबईहून आला होता आणि चुलत्याच्या मुलाकडे तसाच फोन होता. हंगाम सुरू झाल्यावर होडीतून बोटीवर चढताना फोन खिशातून पाण्यात गेला. खाली चिखल, ओहोटी लागेपर्यंत सापडला नाही. माझ्याकडे आणला तेव्हा त्यातून पाणी ठिबकत होतं. माझ्याकडून जेवढं झालं तेवढं केलं, फोन उठला नाही. हप्ते मात्र शिमग्यापर्यंत चालू होते. पावसाळ्यातल्या उधारीची देणी बाकी राहिली, म्हणून त्याची आई काजूच्या कारखान्यात जायला लागली. ती आजही बाजारात दिसली की मला विचारते, "दादा, तो फोन परत चालू व्हायचा नाय ना?" तिला काय उत्तर देऊ?

चौथी तक्रार तुमच्या दुर्लक्षाची आहे आणि ती या फलकापेक्षा जुनी आहे.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन या भागात झाडं, खांब, टॉवर सगळंच कोलमडलं. कितीतरी दिवस वीज नव्हती, रेंज नव्हती. तुम्ही मुंबईत होतात, टाळेबंदी होती, आणि आई-वडील जिवंत आहेत की नाही हेही तुम्हाला कळत नव्हतं. तेव्हाच्या तुमच्या जिवाची घालमेल मला माहीत आहे, कारण रेंज आल्या आल्या पहिले फोन माझ्याच नंबरवर आले होते. त्यानंतरच्या बैठकीत मंडळाने सगळ्यांसमोर शब्द दिला होता की खालच्या वाडीसाठी टॉवरचा पाठपुरावा मंडळ करील. जुलै २०२२मध्ये केंद्र सरकारने नेटवर्क न पोचलेल्या २४,६८० गावांसाठी बीएसएनएलच्या ४जी टॉवरांची योजना मंजूर केली. तेव्हा मी स्वतः सचिवांना सांगितलं की हीच वेळ आहे, अर्ज करूया, ग्रामपंचायतीचा ठराव जोडूया. अर्ज झाला की नाही, झाला तर कुठे अडला, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

खालच्या वाडीत आजही घरात बसून फोन लागत नाही. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी बायका वर सड्यावर, म्हणजे वाडीच्या वरच्या पठारावर, चढून येत होत्या. कातळावर उन्हात उभं राहायचं, फोन डोक्याच्या वर धरायचा, ओटीपी आला की तो टाकेपर्यंत मुदत संपायची. त्यातली एक काकी, वय साठीच्या पुढे, सुनेबरोबर आली होती. सून आकडे वाचत होती आणि काकी तिचं बोट धरून उभी होती, की हिचा हात हलला तर रेंज जाईल. तुमच्या आई आणि काकूच त्या. ई-पीक पाहणीचंही तेच रडगाणं. अभ्यास करणाऱ्या मुली संध्याकाळी फाट्यावरच्या निवाऱ्यात येऊन बसतात, कारण तिथे चांगली रेंज मिळते, आणि अंधार पडायच्या आत त्यांना घरी परतावं लागतं. अशा गावात दीड लाखाचा फोन सोडतीत निघणार. ज्याला लागेल तो जर खालच्या वाडीचा असेल, तर तो त्यावरून घरात बसून साधा फोनसुद्धा लावू शकणार नाही.

सक्तीच्या तिकिटांबद्दल फार लिहीत नाही. दोन हजार रुपये ही रक्कम मुंबईच्या हिशेबात लहान असेल. गावात ती पावसाळ्याच्या मध्यावर मागितली जाते आहे, जेव्हा बोटी वर ओढलेल्या असतात, आंब्याचे पैसे संपत आलेले असतात आणि लावणीची मजुरी द्यायची असते. पैसे दिले नाहीत तर चारचौघांत नाव येईल, या भीतीने लोक देतात. वर्गणी आजवर प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे दिली आहे, त्यावर सक्ती कधी नव्हती. आणि अशी तिकिटं विकून सोडत काढणं कायद्यात बसतं का, हे मंडळात वकील आहेत त्यांनी आधी बघून घ्यावं.

आता मागण्या.

सोडतीतला फोन मागे घ्यावा आणि फाट्यावरचा फलक उतरवावा. ज्या घरांनी तिकिटांचे पैसे दिले आहेत त्यांना ते परत करावेत. कोणी स्वखुशीने ते पैसे उत्सवाला द्यायचे म्हटले तर तशी पावती द्यावी. फोनसाठी कोणा देणगीदाराने पैसे दिले असतील तर त्यांना विश्वासात घेऊन त्याच पैशांतून फाट्यावरच्या निवाऱ्यात दिवे, बाकं आणि चार्जिंगची सोय करावी. खर्च काय येईल ते मी लिहून द्यायला तयार आहे आणि वायरिंगचं काम गावातली मुलं करतील.

टॉवरच्या अर्जाचं आजपर्यंत काय झालं ते लेखी कळवावं. अर्ज झालाच नसेल तर तसं स्पष्ट सांगावं. दोष देण्यात मला वेळ घालवायचा नाही. मुंबईत मंत्रालय आहे, बीएसएनएलची मोठी कार्यालयं आहेत, मंडळात त्या खात्यांतून निवृत्त झालेली माणसं आहेत. त्यातल्या दोघांवर ही जबाबदारी नावानिशी सोपवावी. ग्रामपंचायतीचा ठराव आणि जागेची कागदपत्रं इकडून आम्ही पुरवू.

गावातल्या उत्सवाबद्दलचा कुठलाही निर्णय आधी गावच्या बैठकीत यावा. कार्यकारिणीत गावात राहणाऱ्या तरुणांना जागा द्याव्यात, नुसतं निमंत्रित म्हणून बोलावू नये, मताचा अधिकार द्यावा. जाखडी नाचाच्या बाऱ्या कोणाच्या, विसर्जनाची वाट कुठून, कार्यक्रमाचा हिशेब कोण लिहिणार, हे त्यांनी ठरवावं. सभामंडपातल्या फळ्यावर देणगीदारांची नावं लागतात, तशी वर्षभर राबणाऱ्यांचीही लागावीत. ज्या मुलाने माझ्याकडून ती खोटी भिंगं लावून घेतली, तो ढोलकी इतकी सुंदर वाजवतो की शेजारच्या गावाहून त्याला बोलावणं येतं. आपल्या स्वतःच्या गणपतीत मात्र त्याला आजवर कोणी पुढे बसवलेलं नाही. मुंबईहून येणारा वादक ठरलेला असतो.

फोन द्यायचेच असतील तर माझ्याकडे एक उपाय आहे. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी कपाटात जुने, चालणारे फोन पडून असतील. ते गणपतीला येताना घेऊन या. मी त्यांची साफसफाई करून देईन, बॅटरी उतरली असेल तर बदलून देईन, मजुरी घेणार नाही, फक्त सुट्या भागांचे पैसे मंडळाने द्यावेत. हे फोन खालच्या वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांना आणि दहावी-बारावीच्या मुलांना द्यावेत. एक काळजी घ्या. फोन पुसून कोरा करण्याआधी त्यातलं तुमचं गुगल किंवा ॲपलचं खातं काढून टाका. ते राहिलं तर फोन इकडे उघडणारच नाही आणि मला तो सुट्या भागांसाठीच ठेवावा लागेल.

माझ्या घराच्या वाट्याचं तिकिटांचं पुस्तक मी एकही तिकीट न फाडता वाडीप्रमुखांना परत केलं आहे. आणखी काही घरं तसं करणार आहेत, ती आपापल्या नावाने कळवतील. नागपंचमीच्या आधीच्या रविवारी दुपारी चार वाजता देवळाच्या सभामंडपात ग्रामस्थांची बैठक ठेवली आहे. मंडळाच्या वतीने निदान दोघांनी प्रत्यक्ष यावं. येणं जमणारच नसेल तर फोनवरून बोलता येईल, पण त्यासाठी आम्हाला सगळ्यांना घेऊन सड्यावर जावं लागेल, म्हणून वेळ आधी कळवावी.

आपला,
गावातला मोबाइल दुरुस्ती करणारा